आकडे गोळा होण्याआधी आम्हाला बोलवा

सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्थांचे संचालक, प्रकल्पप्रमुख आणि या संशोधनाला निधी देणारे पदाधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेत दीड पानाचे एक परिपत्रक निघाले. संख्याशास्त्र विभाग यापुढे स्वतंत्र राहणार नाही. विभागातल्या लोकांचे करार जसजशी मुदत संपेल तसतसे संपतील. पुढे ज्या प्रकल्पाला विश्लेषणाची गरज भासेल, त्याने ‘डेटा संकलन पूर्ण झाल्यानंतर’ तासांच्या हिशेबाने बाहेरून सल्लागार घ्यावा. कारण खर्चाचे दिले आहे. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका संस्थेपुरता नाही. गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीतल्या तिघा-चौघांच्या हातात थोड्याफार फरकाने हाच कागद पडला आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना लिहिते आहे, आणि सर्वांनी वाचावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी जैवसंख्याशास्त्रज्ञ आहे. सतरा वर्षे या कामात आहे. कुपोषण, क्षयरोग, बाळंतपणातले मृत्यू, लसीकरण, पाण्यातून होणारे आजार अशा विषयांच्या पाहण्यांमध्ये किती लोकांना विचारायचे, कोणाला विचारायचे, आलेल्या उत्तरांतून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे ठरवणे माझे काम. यात माझ्या नोकरीचा प्रश्न नाही असे मी म्हणणार नाही. माझा करार चार महिन्यांनी संपतो आणि त्याची मला काळजी आहे. पण करार वाढला असता तरी हे पत्र मी लिहिले असते, कारण परिपत्रकातले ते चार शब्द मला मान्य नाहीत. डेटा संकलन पूर्ण झाल्यानंतर.

त्या चार शब्दांत काय चुकले आहे ते माझ्या कामातूनच सांगते.

नोकरीचे तिसरे वर्ष होते. स्त्रियांमधल्या रक्तक्षयाची एक मोठी पाहणी झाली होती. डेटा माझ्याकडे आला तेव्हा अहवालाचा मसुदाही तयार होता, टक्केवारीच्या जागा तेवढ्या मोकळ्या होत्या. मी सवयीप्रमाणे आधी हिमोग्लोबिनचा आलेख काढला. असा आलेख टेकडीसारखा दिसतो, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता. या टेकडीच्या डाव्या उतारावर, बरोबर ९.९ या आकड्यावर, एक सुळका उभा होता. ९.८ वर थोड्या बायका, १०.० वर थोड्या, आणि मधल्या ९.९ वर खच. माणसाचे रक्त असे वागत नाही.

मी कागदी फॉर्म मागवले. दोन दिवस गठ्ठे सोडून एकेक फॉर्म पाहिला. संगणकात जिथे ९.९ होते, तिथे फॉर्मवरच्या चौकटीत पेनाची आडवी रेघ होती. त्या बाईची तपासणी झालीच नव्हती. तिने नको म्हटले असेल, किंवा त्या दिवशी किट संपले असेल. डेटा भरण्याच्या स्क्रीनवर दशांश चिन्ह आपोआप पडत होते, ११२ टाइप केले की ११.२ व्हायचे. आणि ‘माहिती नाही’साठी सगळ्या प्रश्नावलीत ९९ हा कोड होता. त्या ९९ चे ९.९ झाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की तिला रक्तक्षय आहे असे धरतात. म्हणजे जिच्या बोटाला सुईसुद्धा टोचली नव्हती अशी प्रत्येक बाई आमच्या हिशेबात रक्तक्षयाची रुग्ण झाली होती.

फॉर्म छापायला जाण्याआधी आमच्यापैकी कोणी अर्धा तास त्या खोलीत असते तर ‘९९९ ठेवा’ एवढेच सांगितले असते. मग चुकीचा आकडा ९९.९ आला असता आणि तो कोणाच्याही नजरेतून सुटला नसता. ज्या सर्वेक्षक मुलीने प्रामाणिकपणे रेघ मारली होती तिची काही चूक नव्हती. टायपिस्टचीही नव्हती.

ती चूक निदान दुरुस्त करता आली, कारण फॉर्म जागेवर होते. काही चुका दुरुस्त होतच नाहीत. दुसऱ्या एका प्रकल्पात ३० वस्त्या निवडल्या होत्या आणि प्रत्येक वस्तीत ३० माणसे. एकूण ९००, आणि नमुन्याचा हिशेब ९०० सुट्या माणसांचा. पण एका वस्तीतली माणसे एकच पाणी पितात, एकाच दवाखान्यात जातात, त्यांची उत्तरे एकमेकांसारखी येतात. हे साम्य मोजण्याचा आकडा त्या डेटात ०.०५ निघाला. दिसायला किरकोळ. पण ३० मधून १ वजा करा, २९ ला ०.०५ ने गुणा, त्यात १ मिळवा. २.४५ येतात. ९०० ला त्याने भागले की उरतात ३६७. नऊशे लोकांचा वेळ घेऊन आमच्या हातात ३६७ लोकांइतकीच माहिती होती. तेवढ्या माहितीवर अभ्यासाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. प्रकल्पप्रमुख मला म्हणाले, “आता काहीतरी करा.” तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. जास्त वस्त्या आणि प्रत्येक वस्तीत कमी माणसे, एवढाच उपाय होता, आणि तो दीड वर्ष आधी करायचा होता. बैल गेला आणि झोपा केला, असे ते झाले.

संशोधनाच्या उद्घाटनाच्या भाषणांत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचे एक म्हणणे आवर्जून सांगितले जाते. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणे, फार तर प्रयोग कशाने मेला ते तो सांगेल. हे त्याने १९३८ साली कलकत्त्यात, भारतीय संख्याशास्त्र परिषदेत म्हटले होते. तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडून मी ते ऐकले आहे. तेच तुम्ही आता परिपत्रक काढून शवविच्छेदन हीच आमची नेमणूक ठरवता, याचे मला खरोखर दुःख होते.

आणि वेळेवर बोलावले की काय होते, तेही इतिहासात आहे. १९५४ साली अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली. त्यात सुमारे १८ लाख मुले होती. मूळ बेत असा होता की दुसरीतल्या ज्या मुलांचे पालक संमती देतील त्यांना लस द्यायची आणि पहिली आणि तिसरी या दोन इयत्तांतल्या मुलांशी तुलना करायची. हा बेत पुरेसा नाही, हे सुरुवातीलाच सांगणारे लोक होते. संमती देणारी घरे आणि न देणारी घरे सारखी नसतात, शिवाय कोणाला लस मिळाली हे डॉक्टरला माहीत असले की निदानही कलते, असे त्यांचे म्हणणे. काही भागांत मूळ बेत तसाच राहिला, पण बाकीच्या भागांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली. निम्म्या मुलांना लस आणि निम्म्यांना लस नसलेले खोटे इंजेक्शन, आणि कोणाला काय मिळाले ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही. चिठ्ठ्यांच्या भागात लस मिळालेल्यांत लाखामागे २८ मुलांना पोलिओ झाला, खोटे इंजेक्शन मिळालेल्यांत ७१ जणांना. आणि ज्यांच्या पालकांनी संमतीच दिली नव्हती त्या मुलांत ४६ जणांना. ७१ आणि ४६ या दोन्ही गटांना लस नव्हती, तरी एवढा फरक. गरीब घरांतल्या मुलांना पोलिओचा विषाणू तान्हेपणीच, आईकडून आलेले संरक्षण अंगात असताना गाठत असे, आणि संमती देणाऱ्यांत सुस्थितीतली घरे जास्त होती. लस घेतलेल्यांची तुलना या ४६ शी झाली असती तर लस आहे त्यापेक्षा कितीतरी दुबळी दिसली असती. ही तुलना बिघडली नाही, कारण पहिल्या मुलाला सुई टोचण्याआधी वाटणी कशी करायची यावर भांडण झाले होते. आमचा उपयोग त्या भांडणात असतो.

माझी दुसरी तक्रार याहून अवघड आहे, कारण ती बोलताना समोरच्याला आरोप वाटतो. आम्हाला ‘नाही’ म्हणण्याची जागा ठेवलेली नाही.

पेपर पाठवायच्या आदल्या रात्री फोन येतो. आवाज नेहमी गोड असतो. “पी-व्हॅल्यू ०.०६ येतेय. ती तीन माणसं जरा वेगळीच दिसतात ना? त्यांना वगळून बघू या का?” पी-व्हॅल्यू म्हणजे, खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली आली की निकाल ठोस धरण्याची प्रथा आहे. फोन करणारा माणूस लबाड नसतो. त्याने तीन वर्षे त्या कामात घातलेली असतात, पुढचा निधी त्यावर अवलंबून असतो, हाताखाली बारा जणांचे पगार असतात. मला त्याची अडचण कळते. पण ती तीन माणसे वेगळी दिसतात हे ०.०६ आल्यानंतर कळले, ०.०३ आले असते तर ती कोणालाच दिसली नसती. मी म्हणते, वगळायचे तर कारण लिहा आणि दोन्ही उत्तरे छापा. बहुतेक वेळा फोनवर थोडी शांतता होते आणि मग, “बरं, बघतो.” पुढच्या प्रकल्पाला माझे नाव नसते.

हा माझा एकटीचा अनुभव असता तर मी इथे लिहिला नसता. २०१८ साली अमेरिकेतल्या सल्लागार जैवसंख्याशास्त्रज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ३९० जणांनी उत्तरे दिली. अनुचित विनंत्यांबद्दल त्यांना विचारले होते. गृहीतकाला आधार मिळावा म्हणून काही नोंदी काढा किंवा बदला, महत्त्वाचा डेटा हाती नाही हे अहवालात सांगू नका, निकाल काय आले यापेक्षा काय अपेक्षित होते त्यानुसार अर्थ लावा. या सगळ्या गोष्टी त्यांना सांगितल्या गेल्या होत्या. त्याआधी दोन वर्षे, २०१६ मध्ये, अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने निवेदन काढून सांगितले होते की पी-व्हॅल्यू एका रेषेच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरच वैज्ञानिक निष्कर्ष किंवा धोरण ठरवू नये. तरी फोन येतातच.

आता परिपत्रकातल्या ‘तासांच्या हिशेबाने सल्लागार’ या व्यवस्थेचा विचार करा. ज्याचे बिल प्रकल्पप्रमुख मंजूर करणार, ज्याला पुढचे काम तोच देणार, त्याला रात्री हा फोन आला तर तो काय म्हणेल? काही जण नाही म्हणतील. मी अशी माणसे पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण ज्याला घर चालवायचे आहे त्याच्याकडून दर वेळी एवढ्या धैर्याची अपेक्षा ठेवणे ही व्यवस्था नव्हे. स्वतंत्र विभागात निदान एवढे होते की माझा पगार त्या फोनवाल्याच्या हातात नव्हता.

डेटा तपासण्याचे काम तुमच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, ही तिसरी गोष्ट. विश्लेषणाला दोन महिने धरलेले असतात. त्यातला बराच वेळ तारखा सरळ करण्यात जातो. ०७/०३ म्हणजे ७ मार्च की ३ जुलै? एकच माणूस दोनदा नोंदला आहे का? आईच्या वयापेक्षा मुलाचे वय जास्त कसे? हे ‘कारकुनी’ काम आहे असे मला एका बैठकीत सांगण्यात आले. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले होते. कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि पुढच्या ओळी मुकाट्याने कापल्या गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. या कारकुनी कामावर माणसांचे आरोग्य उभे असते.

पेपरवरच्या नावाबद्दल थोडक्यात सांगते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणाच्या चार अटी घातल्या आहेत. पहिल्या अटीत आराखडा आणि डेटा गोळा करणे यांच्या बरोबरीने विश्लेषणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तरी आमचे नाव शेवटच्या ‘आभार’ परिच्छेदात जाते, आणि बढतीच्या वेळी विचारले जाते, “प्रथम लेखक म्हणून किती पेपर?” मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे शोधते. माझ्या कामाचे स्वरूपच ते आहे. त्या कामाला हे माप लावले तर आमच्यातली चांगली माणसे कायम कमीच भरणार.

ती माणसे जातातही. माझ्याकडे शिकलेल्या सहा जणांपैकी पाच जण आज औषध कंपन्यांत, विम्यात, बँकांत आहेत. पगार हे एक कारण आहेच, पण जाताना त्यांनी सांगितलेले कारण दुसरे होते. तिकडे त्यांच्या सहीला वजन आहे. औषधांच्या चाचण्यांसाठी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे की चाचणीतल्या सगळ्या संख्याशास्त्रीय कामाची जबाबदारी योग्य पात्रतेच्या आणि अनुभवी संख्याशास्त्रज्ञाकडे असावी. गोळी बाजारात आणताना आपण हे मान्य करतो. मग लाखो लोकांसाठी आरोग्य योजना आखताना, ज्या पाहणीवर ती आखली जाते तिला हा नियम का नको? मला आजवर कोणी याचे उत्तर दिलेले नाही.

विभाग मोडला की आणखी एक गोष्ट जाते, आणि ती मी माझ्या चुकीवरून सांगते. सहाव्या वर्षी मी दोन फाइली जोडताना घराचा क्रमांक वापरला, व्यक्तीचा क्रमांक वापरायला विसरले. ज्या घरांत दोन मुले होती तिथे एकाचे वजन दुसऱ्याच्या नावावर गेले. निकाल सुरेख आले होते, मी खूश होते. पलीकडच्या टेबलावरच्या सहकारी ताईंनी माझा कोड, म्हणजे विश्लेषणासाठी संगणकाला दिलेल्या सूचना, सहज म्हणून वाचला आणि विचारले, “अगं, ही जोडी कशावर लावलीस?” त्या एका प्रश्नाने तो अहवाल चुकण्यापासून बचावला. त्या ताई निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली नाही. आज माझा कोड माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. उद्या बाहेरून येणाऱ्या एकट्या सल्लागाराचा कोण वाचणार?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. परिपत्रकातली ‘डेटा संकलन पूर्ण झाल्यानंतर’ ही अट काढून टाका. नमुन्याचा आकार कसा ठरवला याचे लेखी कारण आणि संख्याशास्त्रज्ञाची सही असल्याशिवाय कोणताही प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नीती तपासणाऱ्या समितीकडे, जाऊ देऊ नका. ज्या अभ्यासातून उत्तर मिळणारच नाही, त्यासाठी लोकांचे रक्त आणि वेळ घेणे हा नीतीचाच प्रश्न आहे, त्यामुळे कमिटीने हे विचारायलाच हवे. विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडण्याआधी तारीख घालून लिहिला जावा. नंतर त्यात बदल करायला हरकत नाही, पण प्रत्येक बदलापुढे कारण असावे.

संख्याशास्त्र विभाग थेट संचालकांच्या अखत्यारीत ठेवा. आमचा करार आणि पगार ज्याच्या निकालांवर आम्ही मत देतो त्याच्या हातात नको. डेटा तपासणीसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करा, आणि प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक निकालाचा कोड दुसऱ्या व्यक्तीने वाचलेला असावा. चार अटी पूर्ण करणाऱ्याचे नाव लेखकांत घाला आणि बढतीच्या निकषांत ते धरा.

निधी देणाऱ्यांना वेगळे सांगते, कारण तुमच्या एका ओळीने हे सगळे होऊ शकते. अर्जात संख्याशास्त्रज्ञाचे नाव आणि तो प्रकल्पाच्या कोणत्या महिन्यापासून आहे हे विचारा. उत्तर ‘शेवटचे तीन महिने’ असेल तर अर्ज परत पाठवा.

आमच्या संस्थेचे संचालक महोदय, तुमच्या कार्यालयातून काल माझ्याकडे एका नव्या पाहणीचा प्रोटोकॉल ‘माहितीसाठी’ आला आहे. पान ११ वर लिहिले आहे, नमुना ४००. का ४००, ते कुठेच नाही. मी समासात पेन्सिलीने चार प्रश्न लिहिले आहेत. वस्त्या किती? प्रत्येकीत माणसे किती? किती टक्के फरक ओळखायचा आहे? तपासणीला नको म्हणणाऱ्यांची नोंद कोणत्या कोडने करणार? सोमवारी फॉर्म छापायला जाणार आहेत असे कळते. मी शनिवारीही कार्यालयात असेन. प्रकल्पप्रमुखांना अर्धा तास घेऊन यायला सांगा.

आपली नम्र,
एक जैवसंख्याशास्त्रज्ञ